पडद्यावर बोली कोणाच्या वाट्याला येते?

काही दिवसांपूर्वी आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गास मी उपस्थित होतो. घरेलू कामगारांत काम करणारी एक तरुण कार्यकर्ती बोलावयास उभी राहिली. विषय किमान वेतनाचा होता. आदल्या संध्याकाळी अंगणात बसून तिने मला धुण्याभांड्यांचे दर, महिन्याचे खाडे, दिवाळीचा बोनस आणि येण्याजाण्याचा खर्च यांचा सगळा हिशेब सांगितला होता. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या मला त्यात दुरुस्त करण्याजोगे काही सापडले नव्हते. परंतु व्यासपीठावर तिच्या दुसऱ्याच वाक्यात 'आमाला' हा शब्द आला आणि मागल्या रांगेतून कोणीतरी पुटपुटले, "ही तर सिनेमातली शांताबाई!" हशा पिकला. मग तिने पुस्तकी मराठीत बोलण्याचा प्रयत्न केला, दोनतीनदा अडखळली, आणि पाच मिनिटांत खाली बसली. वेतनाचा हिशेब तसाच राहिला.

हसणारे लोक शत्रुपक्षाचे नव्हते. ते आपलेच होते. त्यांपैकी कित्येकांच्या आया त्याच बोलीत बोलत असतील. मग हे हसणे त्यांनी शिकले कोठे? शाळेत, कचेरीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत शिकले, हे खरे. परंतु सर्वांत मोठ्या प्रमाणावर, सर्वांत सुखाने आणि पदरचे पैसे मोजून ते शिकले चित्रपटगृहात. म्हणून हा विषय केवळ भाषाशास्त्रज्ञांचा वा चित्रपटसमीक्षकांचा नाही. तो श्रमिकांच्या राजकारणाचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

संवादांतील श्रमविभागणी

कारखान्यात जशी श्रमविभागणी असते, तशी चित्रपटातही असते. आणि तेथे ती कामाप्रमाणे नव्हे, तर बोलण्याप्रमाणे ठरते. गडी, मोलकरीण, हवालदार, तमासगिरीण, सरपंच यांच्या वाट्याला बोली येते. मास्तर, डॉक्टर, न्यायाधीश आणि शहरातून आलेला नायक यांच्या वाट्याला प्रमाण मराठी येते. १९७२ चा 'पिंजरा' पाहा. आदर्शवादी मास्तर शुद्ध मराठीत बोलतात, नर्तकी बोलीत बोलते. नीती आणि मोह यांची सीमारेषा भाषेनेच आखून दिलेली आहे. १९७५ च्या 'सामना'त सहकारसम्राट हिंदुराव ग्रामीण ढंगात बोलतो आणि त्याला सदसद्विवेकाचा प्रश्न विचारणारा मास्तर प्रमाण भाषेत. हे दोन्ही चित्रपट मराठीतील मोलाच्या कृती आहेत, त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. 'सामना'ने तर ग्रामीण सत्तेची जी चिरफाड केली, ती आपल्या अनेक ठरावांना साधली नाही. पण म्हणूनच लक्षात घ्यावयाचे ते हे, की चांगल्या लेखकांच्या आणि दिग्दर्शकांच्या हातूनही ही विभागणी सहजपणे घडून जाते.

बोलीला पडद्यावर बहुधा दोन आसने दिलेली आहेत: एक हास्याचे आणि दुसरे धूर्तपणाचे. बोलीतला माणूस हसवितो किंवा डाव टाकतो. तो चिंतन करीत नाही. त्याला मनाची टोचणी लागलीच, तर ती टोचणी ऐनवेळी प्रमाण मराठीत अवतरते. आणखी एक चमत्कार प्रेक्षकांनी शेकडो वेळा बिनतक्रार पाहिलेला आहे. बाप बोलीत बोलतो, आई बोलीत बोलते, घरचा गडी बोलीत बोलतो. परंतु त्याच घरात, त्याच चुलीपाशी वाढलेला नायक मात्र पुण्याच्या व्याख्यानमालेत शोभेल अशा भाषेत प्रेम करतो! प्रेक्षकाने नायकाच्या जागी स्वतःस पाहावे अशी अपेक्षा असते. आणि स्वतःस पाहावयाचे तर आपली जीभ दारात काढून ठेवावी लागते.

याहून निराळे करता येत नाही असे नाही. १९६१ च्या 'गंगा जमुना' या हिंदी चित्रपटात पेशावरला जन्मलेल्या दिलीपकुमारने नायक गंगाच्या तोंडी पूरबी वळणाची अवधी बोली घातली, आणि तीही विनोदासाठी नव्हे. शिकून पोलीस अधिकारी झालेला धाकटा भाऊ खडी बोलीत बोलतो, थोरला गावच्या बोलीत. दोन भावांमध्ये कायदा उभा राहतो, तशी भाषाही उभी राहते. एकाच्या श्रमावर दुसरा शिकला. शिकलेल्याची भाषा बदलली आणि शिकविणाऱ्याची तीच राहिली. ही शोकांतिका त्या चित्रपटाने भाषेतून सांगितली आणि प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. 'बोलीतला नायक बाजारात चालत नाही' हे निर्मात्यांचे पालुपद त्या एका उदाहरणानेही खोटे ठरते.

ही 'ग्रामीण भाषा' कोणत्या गावची?

आता या बोलीचे घटक तपासून पाहू. मराठी चित्रपटातील 'ग्रामीण भाषा' म्हणून जी ओळखली जाते, ती कोणत्या गावी बोलतात? 'हाय', 'व्हय', 'न्हाई', 'बी', 'पानी', 'आनि' अशा दहावीस खुणा घेतल्या की ती तयार होते. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये केवळ मराठी व तिच्या बोलींसाठी दिला होता. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही मराठीच्या बोलींचे नव्याने सर्वेक्षण केले आहे. एवढी विविधता नोंदली गेली असताना पडद्यावर मात्र चांद्यापासून बांद्यापर्यंतचा शेतकरी एकाच साच्यातून काढल्यासारखा बोलतो.

यामागचे कारण प्रथम आर्थिक आहे. मराठी चित्रपटाचे भांडवल आणि कारागिरी कोल्हापूर, पुणे व मुंबई या पट्ट्यात एकवटली. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. १९२९ साली स्थापन झालेली 'प्रभात' मूळची कोल्हापूरची, १९३३ मध्ये ती पुण्यास आली. १९३२ चा पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरात तयार झाला. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही तेथलाच. जेथे स्टुडिओ तेथली माणसे आणि तेथला कान. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले, शंकर पाटील कोल्हापूर जिल्ह्यातले. या लेखकांनी आपापल्या मातीतली भाषा कथापटांत अस्सलपणे आणली, हे त्यांचे मोठे काम. माडगूळकरांची पटकथा असलेल्या १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'ने पुण्यात १३१ आठवडे मुक्काम ठोकला. पण यशाचा साचा बनतो, आणि साच्यातून स्वस्त माल निघतो. पश्चिम महाराष्ट्राच्या एका पट्टीतील जिवंत भाषा अनुकरणकारांच्या हाती पडून 'सबंध खेड्याची भाषा' झाली. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, तळकोकण येथला माणूस तिकीट घेणारा ग्राहक राहिला; बोलणारा माणूस म्हणून त्याला पडद्यावर क्वचितच स्थान मिळाले.

साच्याने काय घेतले आणि काय टाकले, हेही पाहण्याजोगे आहे. त्याने उच्चार घेतले, व्याकरण टाकले. वऱ्हाडी माणूस 'मले', 'तुले' म्हणतो, 'काऊन' असे विचारतो, आणि चालू क्रिया 'तो करून राहिला' अशी सांगतो. मराठवाड्यात 'काय करायलास?' असे विचारतात. मालवणीत 'माका', 'तुका', 'खंय' येते. खानदेशच्या अहिराणीत 'मना', 'तुना' आणि 'शे' येते. कोल्हापूरकडच्या कित्येक स्त्रिया स्वतःविषयी 'मी जातो', 'मी आलो' असे बोलतात. या काही चुका नव्हेत. प्रत्येकीत एक नियम आहे, आणि नियम असणे म्हणजेच व्याकरण असणे. साच्याने हे नियम बाजूस ठेवले, कारण ते शहरी प्रेक्षकाला समजून घ्यावे लागतात. त्याऐवजी 'ण' चा 'न' करणे सोपे. अर्थ तर लागतो आणि बोलणारा अडाणी आहे हेही कळते. थोडक्यात, चित्रपटातील बोली ही बोली नसते. ती प्रमाण मराठीत मुद्दाम केलेल्या अशुद्धांची बेरीज असते.

आणि ही अशुद्धता तरी कसली? 'पानी' हा उच्चार मराठी शेतकऱ्याने केला की अडाणीपणा, आणि हिंदी वृत्तनिवेदकाने केला की शुद्ध हिंदी! दोष ध्वनीत असता, तर तो दोन्हीकडे दिसला असता. हसू उच्चाराचे येत नाही. तो उच्चार ज्यांच्या तोंडी असतो, त्यांच्या सामाजिक स्थानाचे येते.

शब्दसंपत्तीचेही तेच. शेतकऱ्याच्या तोंडी 'पाभर', 'कुळव', 'तिफण', 'मोट' हे त्याच्या कामाचे शब्द क्वचितच येतात. शिव्या, उखाणे आणि 'आरं तिच्या मारी' मात्र मुबलक. बोलीतून ज्ञान काढून घेतले आणि रांगडेपणा तेवढा ठेवला. ज्या माणसाला पावसाची, मातीची, बियाण्याची आणि सावकारी व्याजाची भाषा येते, त्याला पडद्यावर फक्त आश्चर्य करता येते.

गिरणगाव गेले, टपोरी राहिला

मराठी माणसाला हा अन्याय हिंदी चित्रपटात चटकन दिसतो. तेथे मराठी स्त्री मोलकरीण असते, मराठी पुरुष हवालदार असतो, आणि दोघांचे हिंदी हास्यास्पद असते. हा राग रास्त आहे. परंतु तो जातीच्या वा प्रांताच्या अहंकारात विरून गेला, तर व्यर्थ आहे. १९६८ च्या 'पडोसन'मध्ये तमिळ संगीतशिक्षकाच्या उच्चारांवर देशभर हशा पिकला, १९७५ च्या 'शोले'त भोपाळी बोली विनोदाला जुंपली गेली, गोव्याचा ख्रिस्ती माणूस कित्येक चित्रपटांत दारूच्या बाटलीवाचून दिसलाच नाही. आपण मराठी प्रेक्षक त्या वेळी काय करीत होतो? हसत होतो. आणि मराठी चित्रपटातील 'भय्या', 'अण्णा' आणि 'शेटजी' यांचे बोलणे कोण लिहितो? आपणच. तेव्हा प्रश्न मराठी विरुद्ध हिंदी असा नसून, ज्याच्या हाती पडदा आहे तो आणि ज्याचे चित्र काढले जाते तो, यांच्यातला आहे.

मुंबईच्या हिंदीची कहाणी तर अधिक बोलकी आहे. कोकण, देश, तेलंगण, गुजरात आणि उत्तर हिंदुस्थान येथून आलेल्या कष्टकऱ्यांना गिरणीत, गोदीत आणि चाळीत एकमेकांशी बोलावयाचे होते. त्यातून एक कामचलाऊ हिंदी घडत गेली. मराठी 'आपण'शी नाते सांगणारे 'अपुन' तीत आहे, दख्खनीतही आढळणारे 'मेरे को', 'तेरे को' आहे. कोणत्याही अकादमीच्या अनुदानावाचून श्रमिकांनी उभारलेली ही राष्ट्रीय एकात्मता होती. हिंदी चित्रपटाने ती कोणाच्या तोंडी घातली? १९९५ च्या 'रंगीला'त तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्याच्या, १९९८ च्या 'सत्या'त टोळीवाल्या भिकू म्हात्रेच्या, २००३ च्या 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.'मध्ये दिलदार गुंडाच्या. ही पात्रे सरस वठली आहेत, यात शंका नाही. पण १८ जानेवारी १९८२ रोजी ज्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, त्यांची भाषाही याच गल्ल्यांतली होती. संप मोडला, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, कामगार पडद्याबाहेर गेला आणि त्याची भाषा तेवढी टपोऱ्याच्या नावे चढविली गेली. नव्या पिढीला ती ऐकताना सभा आठवत नाही, वस्तरा आठवतो. वर्गाची मालमत्ता जाते तशी त्याची भाषाही जाऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

वाट कोणी काढली?

अलीकडे काही चित्रपटांनी हा साचा फोडला, हे आनंदाने नोंदविले पाहिजे. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री'त जब्याच्या घरी कैकाडी भाषा बोलली जाते आणि घराबाहेर गावची मराठी. कैकाडी ही तमिळशी नाते असलेली भाषा. ती मराठी चित्रपटात ऐकू येणे हीच एक घटना होती. तीवर हसण्याची सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. उलट शेवटी जब्याचा दगड हसणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्याच दिशेने येतो. २०१६ च्या 'सैराट'मध्ये करमाळ्याकडची बोली नायकाच्या, नायिकेच्या, पाटलाच्या, प्राध्यापकाला मारणाऱ्याच्या आणि मार खाणाऱ्याच्या अशी सर्वांच्या तोंडी आली. सर्वच बोलू लागले तेव्हा ती कोणाचीही खूण राहिली नाही. आर्ची त्या बोलीत प्रेम करते, हुकूम सोडते, ट्रॅक्टर चालविते. बोलीला मिळालेले हे तिसरे आसन: स्वाभिमानाचे. आणि बाजारात न चालण्याचे भाकीत कोठे गेले? तो शंभर कोटींच्या घरातील व्यवसाय करणारा मराठी चित्रपट ठरला. त्याचेच २०१८ मध्ये 'धडक' या नावाने हिंदीत रूपांतर झाले, तेव्हा कथा उदयपूरच्या वाड्यांत गेली, बोलीचे रूपांतर एका हलक्या लकबीत झाले, आणि जातीचा प्रश्नही तितकाच हलका झाला. बोली ही वरून चढविलेली झूल नसते. ती काढून घेतली की तिच्यात गुंतलेला समाजही निघून जातो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की हा सारा अस्मितेचा खेळ आहे. पोटाचे प्रश्न सोडून जिभेचे प्रश्न कशाला? माझे उत्तर असे: महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. कायद्याचा लाभ मिळवावयाचा तर कामगाराला अर्ज करावा लागतो, अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते, मालकिणीशी वाद घालावा लागतो. हे सारे बोलण्याचे काम आहे. ज्या स्त्रीला आपण तोंड उघडले की लोक हसतील अशी धास्ती आहे, ती हक्क मागण्याआधीच निम्मी हरलेली असते. जिभेचा प्रश्न हा असा पोटापर्यंत पोहोचतो.

दुसरा आक्षेप प्रमाणभाषेच्या गरजेचा. ती गरज मला पूर्णपणे मान्य आहे. राज्यकारभार, विज्ञान आणि वृत्तपत्रे यांना एक सामाईक भाषा लागते. हा लेखही तीतच लिहिला आहे. शेतकऱ्याच्या मुलीला ती आलीच पाहिजे, आणि ती तिला न शिकविणे हा दुसरा अन्याय होईल. परंतु सामाईक भाषा हे साधन आहे, माणसाची प्रतवारी करण्याचे माप नव्हे. जोतीराव फुले यांनी १८५५ च्या 'तृतीय रत्न' नाटकात कुणबी आणि त्याची बायको यांना बोलते केले, ते हसू पिकविण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या फसवणुकीचा हिशेब मांडण्यासाठी. त्याच जोतीरावांनी १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारले. कष्टकऱ्यांची भाषा साहित्यात यावी, पण पाहुणी म्हणून नव्हे, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी कळले होते.

आपण काय करावे?

बंदीची, सेन्सॉरची वा चित्रपटगृहावर दगड मारण्याची मागणी मी करणार नाही. ते मार्ग आपले नव्हेत, आणि हसणे हा गुन्हाही नव्हे. दादा कोंडके यांच्या १९७१ च्या 'सोंगाड्या'वर गिरणगावातील कामगार पोट धरून हसला, कारण नायगावात वाढलेला तो त्याच्यातलाच होता आणि त्याच्या भोळेपणापुढे शहाणे उघडे पडत होते. हसणारा कोण आणि हसू कोणाच्या बाजूने, एवढाच विवेक हवा.

तो विवेक प्रत्येक शाखेने शिकविता येईल. चित्रपट पाहून आल्यावर चार प्रश्न विचारावेत. बोली कोणाच्या तोंडी आहे? त्या बोलीत कोणी विचार मांडतो काय? नायकाची आणि त्याच्या आईची भाषा एक आहे काय? आणि ती बोली ज्या तालुक्याची म्हणून दाखविली, त्या तालुक्यातील माणूस तिला आपली म्हणेल काय? राज्य शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. ते पैसे वऱ्हाडच्या आणि खानदेशच्या करदात्याचेही आहेत; तेव्हा अनुदानासाठी परीक्षण करणाऱ्यांत त्या भागांतील जाणकार असावेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. शिवाय आज मोबाईलवर चित्रण करणारी तरुण मुले गावोगाव आहेत. निर्मितीचे साधन प्रथमच त्यांच्या हाती आले आहे. पण तेथेही चटकन हसविणाऱ्यालाच पैसा मिळतो. त्यांच्यापर्यंत आपण पोहोचलो नाही, तर जुना साचा तेथेही पुन्हा बसेल.

शेवटचे काम आपल्या घरातले. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके हे कलावंत राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांतून पुढे आले. लोकांच्या बोलीत राजकारण सांगण्याची कला आपल्यापाशी होती. मग आपल्या व्यासपीठांवरून ती बोली केव्हा गेली? अध्यक्षीय भाषण प्रमाण मराठीत, आणि बोली फक्त भाषणांपूर्वीच्या गाण्यात, अशी श्रमविभागणी आपणही केलीच ना? मीही निर्दोष नाही. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याने 'भांडवल गुतिवनं' म्हटले की मी प्रथम त्याचा उच्चार दुरुस्त करीत असे आणि मग त्याचे उत्तर ऐकत असे. पुष्कळांचे उत्तर तोवर घशातच राहिलेले असे. किती बरोबर उत्तरे मी ऐकली नाहीत, याचा हिशेब आता लागणे नाही.

त्या अभ्यासवर्गाचा हिशेब मात्र अजून लागू शकतो. पुढील वर्गात पहिले व्याख्यान त्या भगिनीचे ठेवावे, विषय तोच असावा, आणि ती ज्या भाषेत आपल्या बायकांशी बोलते त्याच भाषेत तिने बोलावे. आपण टिपणे घ्यावीत.